डाव्या हाताचा घाव

मला कुणी 'सर' म्हटलं की आता कानाखाली वाजवल्यासारखं होतं. वीस वर्षं मी रावेरच्या कॉलेजात इतिहास शिकवतोय. पाश्चात्त्य संस्कृती कशी घडली, हा माझा हुकमी धडा. फळ्यावर तापी काढायची आणि तिला वाघूर, गिरणा मिळतात तसे एकेक प्रवाह आणून सोडायचे. ग्रीकांनी वाद घालायला शिकवलं. रोमनांनी कायदा दिला. ज्यूंचा एकच देव ख्रिस्ती लोकांनी देशोदेशी नेला. युरोप विसरून गेलेली ग्रीकांची पुस्तकं बगदादच्या पंडितांनी अरबीत जपली. रोमन कायद्यापाशी आलो की मी टेबलावर हात आपटायचो. "आरोपीचं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नाही! एवढं एक वाक्य घेऊन घरी गेलात तरी बस झालं." पोरं मान डोलवायची.

एकदा संघपाल नावाच्या पोरानं हात वर केला. डावा. "सर, अथेन्सच्या चांदीच्या खाणीत गुलाम मरत होते. त्यांचा नाला तुम्ही काढलाच नाही." मी खडू त्याच्या हातात दिला, म्हटलं, काढ. त्यानं डाव्या हातानं नाला काढला, तापीपेक्षा रुंद. मी खूश होऊन वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. त्याचं अक्षरही मोत्यासारखं होतं.

संघपाल आमच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. त्याची आई पार्वताबाई लोकांच्या बागेत मजुरी करते. हे घडलं तेव्हा तो जळगावला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीत केळी कापायला यायचा. एका शुक्रवारी माझ्याच बागेत कापणी होती. माझ्या थोरल्या भावानं, सुपडूभाऊनं, बाकी मजुरांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि संघपालच्या ओंजळीत मात्र वरून पाणी ओतलं.

संघपालनं ओंजळ सोडली. पाणी मातीत गेलं. "सर, हे तुमच्यादेखत?" त्यानं मला विचारलं, सगळ्यांसमोर.

फळ्यावर असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. बागेत मला मिरच्या झोंबल्या. "तोंड लई चालायला लागलं तुझं," मी म्हणालो. त्यानं कोयता खाली ठेवला आणि निघून गेला.

सोमवारी सकाळी बागेत गेलो. चार ओळी, एकशे साठ झाडं, निसवलेली, घड लटकलेली, सगळी आडवी! खोडातून पाणी गळत होतं. मी आई-बहिणीवरून शिव्या देत सुटलो. गाव गोळा झालं. सुपडूभाऊ खाली वाकून खोडाकडे बघत मला म्हणाला, "नाना, हा घाव त डाव्या हाताचा दिसून राह्यला."

खरंच होतं. सडकेकडून पाहिलं की प्रत्येक खुंट डावीकडे उंच, उजवीकडे उतरता. आमच्याकडे लहान पोरही घाव बघून सांगतं, कापणारा उजवा की डावा.

"संघपाल," मी म्हणालो.

नाव मीच घेतलं. दुसऱ्या कुणी नाही. हे नीट ऐकून ठेवा, कारण नंतर पुष्कळांनी मला यातून सोडवायचा प्रयत्न केला.

तो गावच्या फाट्यावर होता, ट्रकमध्ये घड भरत होता. तीस-चाळीस माणसं धावली. घडाला टेकू लावतात ते बांबू उपसूनच निघाली होती. मी सगळ्यांच्या पुढे. मी त्याला कॉलर धरून खाली ओढला आणि पहिली थोबाडीत मी मारली. हाताला झिणझिण्या आल्या. आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"सर, काय झालं? माझं ऐका तरी!"

"ऐकायचं काय रे भडव्या!"

मग बांबू बरसले. पाठीवर, नडग्यांवर, डोक्यावर. बांबू फुटला की दुसरा यायचा. त्याचा ओठ फाटला, एक दात माझ्या चपलेजवळ येऊन पडला. ज्या पोराला मी दहावीत फुकट शिकवलं होतं तो त्याच्या पोटात लाथा घालत होता आणि प्रत्येक लाथेला माझ्याकडे बघत होता, शाबासकीसाठी. संघपाल रक्त थुंकत म्हणाला, "सर, एकदा ऐका." पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

कुणीतरी ओरडलं, "ज्या हातानं कापली तो हात ठेवा याचा!" दोघांनी त्याचा डावा हात ट्रकच्या फाळक्यावर दाबून धरला. सुपडूभाऊनं कोयत्याची पाठ उचलून हाणली. तीनदा. बोटांचा आवाज आला, वाळलेलं सरपण मोडतं तसा. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 'थांबा' म्हणायला श्वाससुद्धा लागला नसता.

पार्वताबाई धावत आली तेव्हा लोक पांगले होते. लेकाला ट्रकवाल्यानंच जळगावला नेलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच उरलेले खुंट साफ करायला गेलो. कोयता घेऊन सुपडूभाऊच्या मळ्याकडून सुरुवात केली, कारण तिकडून सावली होती. आठ-दहा खुंट छाटले आणि पाणी प्यायला सडकेच्या अंगाला असलेल्या विहिरीवर आलो. सहज मागे वळून पाहिलं.

सडकेकडून माझे ताजे घाव डावीकडे उंच, उजवीकडे उतरते.

मी उजव्या हाताचा माणूस आहे! घाव कालच्यासारखेच, तंतोतंत. आम्ही धरून चाललो तसा कापणारा सडकेकडून आलाच नव्हता. तो सुपडूभाऊच्या मळ्यातून शिरला होता, तोंड सडकेकडे करून, म्हणून उजव्याचा घाव सडकेवरून डाव्याचा दिसला. आणि त्या चार ओळी काय होत्या? विहिरीपासून त्याच्या मळ्यापर्यंत सरळ वाट. माझ्या बागेतून पाइपलाइन न्यायची म्हणून तो वर्षभर मागे लागला होता आणि मी नाही म्हणत होतो. शेंबड्या पोराला कळलं असतं. इतिहासाच्या मास्तरला नाही कळलं.

सुपडूभाऊ खळ्यात दात घासत होता. मी त्याला लोटून खाली पाडला, छातीवर बसलो आणि नाकातून रक्त येईपर्यंत ठोसे मारले. त्यानं हात वर केला नाही. नुसता हसला, लाल दातांनी.

"मी कापली, हो. पण मी कुठी नाव घेतलं, नाना? मी त घाव दाखवला. नाव तुले सुचलं. तुले बी पाहिजेच होतं ते."

माझी मूठ वरच राहिली. त्या बोलण्यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

जळगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पार्वताबाई दारातच बसली होती. मला बघून उठली आणि काडकन थोबाडीत दिली. मी दुसरा गाल पुढे नाही केला. उभा राहिलो फक्त. तिनं आणखी दोन दिल्या आणि मग स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायला लागली. "त्याची परीक्षा शे ना सर, पंधरा दिवसात! कोन्या हातानं लिहिन माझा पोरगा?"

आत संघपालचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर म्हणाले होते, दोन बोटं राहतील, पेन धरता येईल असं नाही. शेजारी हवालदार जबाब लिहायला बसला होता. त्यानं विचारलं, "चाळीस माणसं होती म्हणतोस. पहिलं नाव कुणाचं टाकू?"

संघपालनं माझ्याकडे पाहिलं. एक डोळा सुजून बंद होता.

"थांबा साहेब," तो म्हणाला. तोंडातून शब्द फुटके येत होते. "नाव टाकायच्या आधी सरांचं ऐकायचंय मला. बोला सर."

खाटेची कड धरून उभा राहिलो. वीस वर्षं त्या एका वाक्यासाठी टेबल आपटत होतो मी! संघपाल वाट बघत होता, घाई न करता. हवालदारानंही पेन खाली ठेवलं होतं.

"पहिलं नाव माझं लिहा," मी म्हणालो. "योगेंद्र. नाव मी घेतलं, पहिला हात मी उचलला. झाडं माझ्या भावानं कापली, त्याचं नाव दुसरं. याच्या बोटांवर पडला तो कोयताही त्याचाच."

हवालदारानं माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि लिहिलं. मग कागद सहीसाठी संघपालपुढे धरला. त्यानं उजव्या हातात पेन घेतलं, पहिलीतलं पोर धरतं तसं मुठीत. 'सं'चा टिंब भलतीकडेच पडलं. बाकीची तीन अक्षरं काढायला त्याला बराच वेळ लागला, आणि तोवर मी तो कागद हलू नये म्हणून धरून ठेवला.