चर्चच्या माळा बंद करा

"मातेच्या सणाला चर्चमध्ये अंधार करू?" लाझर चेट्टा माझ्यावर खेकसला. थोरल्यांना आम्ही केरळात चेट्टा, चेची म्हणतो, दादा-ताईसारखं. सणाचा सगळा कारभार त्याच्याकडे. "मेटिल्डा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

कसलं ठिकाणावर! माझा भाऊ अँब्रोस तिघांना घेऊन पहाटे समुद्रात गेला होता. दुपारी वारा फिरला, सगळ्या बोटी परतल्या, त्याचीच नाही. मच्छीमार संघाचा वायरलेस मी सांभाळते. तिथला जुना सेट बोलायला ठणठणीत, ऐकायला ठार बहिरा. म्हणून लॅपटॉपला पेनड्राइव्हएवढा स्वस्तातला रिसीव्हर लावलाय. त्याला मात्र सगळंच ऐकू येतं, मेल्याला! चार्जर, ट्यूबलाइट आणि आज चर्चवरच्या या चिनी माळा.

दुपारपासून त्याच्याच मागे होते. प्लास्टिकचं कवच फोडलं, आतलं सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं, डब्याला अर्थिंगची तार सोल्डर केली, वायरीवर चुंबकासारखी काळी कडी चढवली. खरखर पुष्कळ कमी झाली, पण एक टकटक काही जाईना. टक टक, जरा थांबून पुन्हा टक. अगदी माळा लुकलुकतात तशी. आम्हा रेडिओवाल्यांची खोडच आहे, माणसाचा आवाज नसला की तो कचरा. सॉफ्टवेअरमधून पुसून पाहिली, तरी उरलीच. म्हणून इथे येऊन हात जोडत होते.

"जा, घरी जाऊन प्रार्थना कर," लाझर चेट्टा म्हणाला.

मग मात्र माझं टाळकंच सरकलं. सरळ चर्चच्या मीटरकडे गेले आणि फ्यूज उपटला. माळा विझल्या, चेंड्याचे ढोल थांबले, लोक ओरडायला लागले. लाझर चेट्टा शिव्या घालत माझ्यामागे संघाच्या खोलीपर्यंत आला. तिथे अँब्रोसची बायको सेलिन लॅपटॉपपाशी बसून होती.

लॅपटॉपचा पडदा लख्ख झाला होता, माळांची उरलीसुरली खरखर गेली होती. टकटक चालूच होती.

"माळा बंद आहेत ना?" मी विचारलं.

"तूच केल्यास की, दळभद्रे!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि अंगाची आग आग झाली. बोटीवरचा माईक गेला होता! बदल म्हणून किती कानीकपाळी ओरडले होते मी त्या गाढवाला! आवाज जात नव्हता म्हणून ते नुसतं बोलायचं बटण दाबत होते, आणि दुपारपासून मी त्यांनाच पुसत बसले होते.

जुन्या सेटवर मी ओरडले, "ऐकू येत असेल तर दोनदा दाबा!"

टक टक.

सेलिन हुंदके द्यायला लागली.

"दीपगृहाच्या दक्षिणेला असाल तर एकदा दाबा."

टक. लाझर चेट्टा फ्यूज विसरून बोटी काढायला धावला.

"किती जण आहात? तेवढ्या वेळा दाबा."

टक. टक. टक.

"नीट मोजा, मूर्खांनो! चार जण गेला होतात! पुन्हा दाबा!"

पुन्हा तीनच.

सेलिन रडायची थांबली. "चेची," ती म्हणाली, "दाबतंय कोण?"