केशवरावांचा गेलेला होकार

वर्षालीनं धारणीच्या शाळेतला मास्तर कुलदीप पसंत केला होता, आणि तिचे बाबा, वरूडचे केशवराव, दोन वर्षं नाहीच म्हणत होते. पोरगा चांगला, पण मुलगी त्या घाटरस्त्यानं जंगलात द्यायची नाही, एवढाच हेका. रागिणीबाईंनी समजावून, भांडून, अबोला धरून शेवटी नवऱ्याला अकोल्याला कुलदीपच्या आईवडिलांच्या घरी नेलं. जेवणं झाल्यावर केशवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "दिली पोरगी."

निघताना गाडी सुरू होईना, तेव्हा त्यांनी ती भर उन्हात कुलदीपसोबत ढकलली. आत बसल्यावर बायकोला विचारलं, "आपण इथं कावून आलो?"

रागिणीबाईंनी सांगितलं. जरा वेळानं तोच प्रश्न. मूर्तिजापूर येईपर्यंत त्या उत्तर देऊन कावल्या. मुद्दाम करून राहिलेत, असंच वाटलं. गाडी चालवणाऱ्या वर्षालीनं मात्र अमरावतीत ती सरळ दवाखान्यात नेली.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. अर्धांगाचा झटका नव्हता. मेंदूच्या आत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवं घडलेलं आधी तो धरून ठेवतो, मग ते हळूहळू वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये, पक्कं बसतं. जुनं पक्कं आहे म्हणून माणसं ओळखतात. आतला भाग तेवढा काही तासांपुरता थांबलाय. ते बरे होतील, पण आजची दुपार बहुतेक परत येणार नाही.

"म्हणजे नकार पक्का बसला, अन् होकार गेला?" रागिणीबाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या.

रात्री केशवराव ठीक झाले. होकाराचं ऐकून म्हणाले, "मी असं म्हणूच शकत नाही." रागिणीबाई उठून बाहेर गेल्या आणि बाकावर बसून रडल्या. दिवसभर घाबरल्या होत्या, आणि आता पुन्हा पहिल्यापासून समजावायचं त्राण नव्हतं.

घरी आल्यावर केशवराव रोज विचारू लागले, तो पोरगा असं काय बोलला की मी हो म्हणालो? रागिणीबाईंनी एकदाच उत्तर दिलं, "मले इचारू नका. त्यालेच जाऊन इचारा."

पुढच्या आठवड्यात ते खरंच एकटे धारणीला गेले, आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरत परतले. रस्ता बेकारच आहे म्हणाले. पण कुलदीप सुट्टी न घेता त्यांना वर्गात घेऊन गेला होता, आणि पोरं त्याला सोडायला तयार नव्हती. लग्न दिवाळीनंतर ठेवू, म्हणाले.

रागिणीबाईंनी फोन त्यांच्या हातात दिला. कुलदीपच्या वडिलांशी बोलणं पुरं होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या, आणि मगच त्यांना पाणी दिलं.