बुडाशी घातलेली तारीख

त्या दुकानात मी छत्तीस वर्षं सुतारकाम केलं. पाच मजले, वर काचेचा घुमट आणि मधोमध लाकडी जिना. पहिल्या मालकाने पायऱ्या मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या होत्या. आपण चढतोय हे गिऱ्हाइकाला कळूच नये, म्हाताऱ्या बायकाही बोलता बोलता तिसऱ्या मजल्यावरच्या पडद्यांच्या विभागापर्यंत पोचाव्यात. पक्का होता गडी.

दुकान बंद पडलं. नव्या मालकांना दर्शनी भिंत तेवढी ठेवून आतलं सगळं पाडायचं होतं. वाचला तर फक्त जिना वाचणार होता, तोही कठड्याचे अर्ध्याहून जास्त दांडे मूळचे निघाले तर. ते तपासायला जुन्या इमारतींच्या खात्यातल्या बाई आल्या आणि जिना दाखवायला मला बोलावलं. बायकोने निघताना बजावलं होतं, "अहो, विचारतील तेवढंच सांगा."

बाईंनी कठड्यावरून हात फिरवला. "काका, एकही दांडा बदललेला वाटत नाही."

इथे गप्प बसायचं होतं. पण छत्तीस वर्षांत माझ्या कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं.

"वाटणारच नाही," मी म्हणालो. "हा माझा. तो पलीकडचाही माझाच."

आमच्या उस्तादांची शिस्त होती. नवा दांडा बसवला की बुडाशी, मागच्या अंगाला, पेन्सिलीने तारीख घालायची. गुडघे टेकून, आरसा धरून मी बाईंना एकेक तारीख दाखवली, अगदी हौसेने. त्या वहीत खुणा करत गेल्या. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा चेहरा उतरला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"एकशेवीसपैकी एकाहत्तर तुमचे," वरपर्यंत मोजून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या.

"तारखा खोडून टाकतो, बाई. आत्ताच्या आत्ता."

"काका, मी पाहिल्यात ना."

रागवायचं तरी कुणावर? त्यांनी त्यांचं काम केलं होतं. माझी जीभ मलाच आवरली नाही.

पाडायच्या दिवशी मी गेलोच. घरी बसवेना. जुने दांडे एका हिसक्यात निघत होते. माझे मात्र हलेनात. मुकादमाने घण मागवला, मग माझ्याकडे वळला.

"मिस्त्री, हे काढायचे कसे?"

"खालून अर्धा पिळा द्या," मी म्हणालो, "मग सरळ वर उचला."