क्रेट कमी का आले

धाकटी पंचेचाळिशीची झाली तरी धाकटीच राहिली. ताईची बहीण म्हणून अख्खी वस्ती तिला त्याच नावानं हाक मारायची आणि तीही निमूट ओ द्यायची. भाजीपासून झाडूपर्यंत सगळं एका छताखाली मिळतं, तसल्या एका मोठ्या दुकानात ती कामाला होती. गल्ल्यावर नव्हे. दुकानाच्या मागं, थंड कोठीला लागून, बिनखिडकीची एक खोली होती. तिथं कॉम्प्युटरपुढं बसून उद्या ब्रेड किती मागवायचा, दूध किती, पालेभाजी किती, हे ठरवायचं. जास्त मागवलं तर माल सडतो, कमी मागवलं तर गिऱ्हाईक रिकाम्या फळीकडं बघून शिव्या घालतं. "दोन्ही बाजूंनी बोलणी खायची नोकरी आहे माझी," असं ती हसत सांगायची.

ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर ती घरी बसेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आणि ती बसलीही नाही. बंद पडलेल्या टपाल कचेरीची जागा तिनं खटपट करून मिळवली आणि तिथं फूड बँक सुरू केली. दुकानात विकायचं राहिलेलं, पण खायला चांगलं असलेलं अन्न आणायचं, पिशव्या भरायच्या आणि आठवड्यातून तीन दिवस गरजूंना द्यायच्या. जिथं पूर्वी तिकिटं विकली जायची, त्याच खिडकीतून आता पिशव्या बाहेर जायच्या. यातला बराचसा माल यायचा तो धाकटीच्याच दुकानातून. मागच्या फाटकाशी क्रेट रचून ठेवलेले असत आणि तात्या ते गाडीत भरून आणत.

तात्या म्हणजे निवृत्त बस ड्रायव्हर. अंगानं काटकुळे, बोलणं मोजकं. "आयुष्यभर माणसं वाहिली," ते म्हणायचे, "त्यापेक्षा ब्रेड बरा. त्याला पुढं सरका म्हणावं लागत नाही."

मग महागाईनं डोकं वर काढलं. दिव्याचं बिल, घरभाडं, तेल, साबण, सगळंच चढत गेलं. खिडकीपुढं पूर्वी तीस जण यायचे, ते नव्वदावर गेले. त्यात रोज कामाला जाणारी माणसंही दिसायला लागली. एकजण तर गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र शर्टाच्या आत सारून रांगेत उभा राहायचा.

त्याच महागाईनं दुकानातही गडबड केली. लोक मोजूनमापून घ्यायला लागले आणि माल उरायला लागला. साहेबांनी धाकटीला बोलावलं. "फेकलं जातंय ते कमी करा. नाहीतर वरचे लोक आपल्यालाच फेकतील."

धाकटी कामाला लागली. महिनाअखेरीला लोक लहान पुडा घेतात, शाळेला सुट्टी लागली की दूध कमी खपतं, आभाळ आलं की पालेभाजीकडं कुणी बघत नाही, असं एकेक तिनं टिपून ठेवलं. दुपारी चारला उरलेल्या मालावर अर्ध्या किमतीची चिठ्ठी लावायची, ही कल्पनाही तिचीच. तीनपासूनच लोक त्या फळीभोवती घुटमळायला लागले. चार महिन्यांत दुकानाची नासाडी पाव हिश्शावर आली. साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं आणि कर्मचाऱ्यांच्या फळ्यावर तिचा फोटो लावला. लेकीनं तो बघून म्हटलं, "आई, पासपोर्टवर असतेस तशी घाबरलेली दिसतेस गं यात."

ताईला मात्र तिनं तो फोटो दाखवला नाही. कारण ती जाणून होती. स्क्रीनवर जिला नासाडी म्हणत, तीच ताईच्या दारात क्रेट होऊन उतरत होती. बावीस क्रेट यायचे, ते नऊवर आले, मग पाचावर. सांगू, सांगू म्हणत आठवडे गेले. पहिल्या आठवड्यात सांगायला सोपं होतं. दहाव्या आठवड्यात 'इतके दिवस का नाही बोललीस' याचंही उत्तर द्यावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी सगळे पिशव्या भरायला जमत. ताई, धाकटी, तात्या, गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर आणि शेजारच्या गल्लीतली शिंपीण. त्या शनिवारी ताईनं पिशव्यांना हातच लावू दिला नाही.

"आधी बसा," ती म्हणाली. "काल अकरा जणांना मी रिकाम्या हातानं परत पाठवलं. त्यात एक बाळंतीण होती. क्रेट का कमी येतायत, मला कळायला हवं."

मास्तर खाकरले. "स्पष्टच बोलतो. आपली गाडी छोट्या बाजाराच्या गल्लीत उभी असते. दोनदा बघितली मी. अर्धा अर्धा तास."

सगळ्यांच्या नजरा तात्यांकडं गेल्या. तात्या चहा ढवळत होते. ते ढवळतच राहिले.

"तात्या," ताई म्हणाली, "तिथं काय काम असतं?"

"असतं थोडं."

"काय ते सांगा की. एका शब्दानं मिटेल."

"तुम्हाला काय वाटतंय, ते तुम्ही सांगा," तात्या म्हणाले.

शिंपीण खाली बघत राहिली. धाकटीच्या हातात कपबशी होती आणि तिला ती बशी वाजेल अशी भीती वाटत होती. आता बोल, तिचं मन तिला ढोसत होतं. एवढंच म्हण की दुकानातच माल उरत नाही. तिनं चहाचा घोट घेतला. तेवढ्यात तात्या उठले, खिशातून गाडीची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, कप मोरीत नेऊन विसळला आणि गेले. विसळलेला कप उपडा घालायलाही ते विसरले नाहीत.

मंगळवारी धाकटीला वाटलं, आपल्याला उपाय सापडला. तिनं ब्रेडचे साठ पुडे जास्तीचे मागवले, दूध वाढवलं, पालक वाढवला. दुसऱ्या दिवशी चार वाजता चिठ्ठ्या लावायला पोरी आल्या, तर त्यांना म्हणाली, "आज राहू द्या." कुणाला न दुखवता, कुणाला न सांगता सगळं पूर्ववत होईल, असा तिचा हिशेब.

गुरुवारी, धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी, गाडी मास्तरांनी नेली. येताना अठरा क्रेट आणले. गाडीतून उतरले ते छाती फुगवूनच.

"बघा! तात्या गेले आणि क्रेट वाढले. यापेक्षा सरळ गणित मी वर्गात कधी घातलं नाही."

"म्हणजे खरंच तेच होते," शिंपीण म्हणाली. "काल बस स्टॉपवर त्यांची बायको भेटली. हसली माझ्याकडं बघून. मी सरळ तोंड फिरवलं. बरंच केलं म्हणायचं."

ताईच्या चेहऱ्यावरची शंका मिटलेली धाकटीला दिसली. शनिवारी ती शंका तरी होती. आज तिची खात्री झाली होती, आणि ती करून दिली होती धाकटीनं. आपण चुकीवर पांघरूण घालायला गेलो आणि एका सज्जन माणसाच्या कपाळी चोर असा शिक्का मारून बसलो.

दुपारी दोघी बहिणी मागच्या अंगणात क्रेट धूत होत्या. ताईच्या हातात पाण्याची नळी, धाकटीच्या हातात ब्रश.

"क्रेट मी कमी केले, ताई."

"तू? तू कशाला घेशील?"

"घेतले नाहीत. उरूच दिले नाहीत."

ताईनं नळ बंद केला. धाकटीनं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, फोटो, कपबशी आणि कालचे साठ पुडेही. सांगताना ती ब्रश घासतच होती, एकाच क्रेटच्या एकाच कोपऱ्यावर.

ताई म्हणाली, "काम चोख केलंस, त्याचा राग कसा धरू? अन्न फेकलं जात नाही, हे चांगलंच आहे. पण शनिवारी तू माझ्यासमोर बसली होतीस."

"हो."

"आणि मी त्या माणसाला नाही नाही ते विचारत होते."

"हो, ताई."

"रडू नकोस. रडलीस की मला तुझी कीव येईल आणि आज मला ती करायची नाही." ताई उलट्या क्रेटवर बसली. "आणि सगळं तुझ्यावर ढकलून मीही सुटणार नाही. मी प्रश्न विचारला तेव्हा माझं उत्तर ठरलेलंच होतं. तात्यांना ते माझ्या आवाजात ऐकू आलं असणार. आता असं कर. जिथं ते ऐकून गेले, तिथंच सगळ्यांसमोर सांगायचं. नंतर त्यांच्या घरी जायचं."

शनिवारी धाकटीनं उभं राहून सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. शिंपीण एवढंच म्हणाली, "अगं बाई, आणि मी तोंड फिरवलं."

तात्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. ताई, धाकटी आणि मास्तर गेले. शिंपिणीचा धीर झाला नाही. दार तात्यांच्या बायकोनं उघडलं. या म्हणाली नाही, नुसती बाजूला झाली. तात्या शर्टाला इस्त्री करत होते. धाकटी बोलत असताना त्यांनी कॉलर केली, बाह्या केल्या, शर्ट घडी घालून ठेवला आणि मगच इस्त्री बंद केली.

"बाजाराच्या गल्लीत मी दुकानं मागत फिरायचो," ते म्हणाले. "क्रेट कमी व्हायला लागले, तेव्हापासून. काही उरलंय का, काही देता का. आठांतले सात नाही म्हणायचे. एक बटाटेवाला द्यायचा. त्या पाच क्रेटांतले दोन त्याचे असायचे."

ताईचा चेहरा उतरला. म्हणजे त्या दोन महिन्यांत जे काही घरोघर गेलं, त्यातलं निम्म्याजवळ या माणसानं हात पसरून आणलेलं होतं.

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता त्यांचा.

"आधी मागतोय हे सांगायची लाज वाटली. आणि त्या दिवशी? चोर समजून विचारलंत तुम्ही. तसल्या प्रश्नाला उत्तर दिलं की माणूस उत्तर देतानाच चोर दिसतो."

ताईनं किल्ली टेबलावर ठेवली. तात्यांनी ती उचलली, क्षणभर बघितली आणि परत तिच्या हातात दिली.

"मी रागावलो नाही असं म्हणणार नाही. खोटं होईल. पण आता त्या गाडीत बसलो तर प्रत्येक क्रेट मोजला जातोय असं वाटेल मला. इंजिन तापतं तिचं, चढावर जपून चालवा."

निघताना दारात त्यांच्या बायकोनं धाकटीचा दंड धरला. "एक विचारू? एक वाक्य बोलायला तुमचं काय गेलं असतं हो?"

कठड्याला धरून धाकटी तीन मजले उतरली.

जास्तीच्या मागणीचं तिनं साहेबांनाही सांगून टाकलं. त्यांनी लेखी ताकीद दिली. ताई त्यांना भेटून आली. उरलंसुरलं नको, ठरवून रोज थोडं द्या, असं तिचं म्हणणं. साहेबांनी अर्ज वर पाठवला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. तूर्त दुकानाच्या दाराशी एक टोपली ठेवली आहे, गिऱ्हाइकांनी मनात आलं तर एखादी वस्तू टाकायला. ती निम्मी भरते, कधी निम्मीही नाही. ताईला तीन दिवसांचे दोन दिवस करावे लागले. "आजवर दुसऱ्याच्या चुकलेल्या अंदाजावर आपलं चाललं होतं," ती सगळ्यांना म्हणाली. "अंदाज चुकायचे थांबले. आता दारोदार जाऊन मागायचं, दुसरं काय."

मागायला धाकटी जाते. दर गुरुवारी सुट्टीच्या दिवशी, पायी, छोट्या बाजाराच्या गल्लीत. पहिल्या दुकानाच्या पायरीवरून ती दोनदा पुढं जाऊन मागं आली. सात जणांनी नाही म्हटलं. बटाटेवाल्यानं अर्धं पोतं भरलं आणि तोंड बांधता बांधता विचारलं, "ते ड्रायव्हर काका कुठं गेले? चांगला माणूस."

"बरं नाही त्यांना," धाकटी म्हणून गेली.

पोतं खांद्यावर घेऊन ती कोपऱ्यापर्यंत गेली. मग ते भिंतीला टेकवून थांबली. इतकं सगळं होऊनही तोंडातून पहिलं आलं ते खोटंच. तिनं पोतं पुन्हा उचललं आणि ती दुकानाशी परत आली.

"काका बरे आहेत," ती म्हणाली. "आम्हीच त्यांना घालवलं. चोरीचा आळ घेतला. तो खोटा आहे हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

बटाटेवाल्याचे हात थांबले. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं, मग पोत्याकडं. ते तो परत मागेल असं तिला वाटलं. त्यानं मागितलं नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं होतं, तो त्याच्याकडं वळला.