चिनात्सूचं वाचन कोण ऐकतं

"चिनात्सूचं वाचन घरी कोण ऐकतं हो?" सुगावारा बाईंनी विचारलं, आणि कियोमीच्या तोंडून निघून गेलं, "मीच. दुसरं कोण ऐकणार?"

आईबापांनी वर्गात येऊन तास बघायचा दिवस होता तो. दुसरीतली बाकीची पोरं गडबडीत धडा उरकून मोकळी झाली होती. चिनात्सू मात्र उभी राहिली, पुस्तक हातभर लांब धरलं आणि बर्फात वाट चुकलेल्या बदकाचा धडा तिने असा वाचला, की मागच्या भिंतीला टेकलेल्या आयांची कुजबुज थांबली. शब्द न् शब्द सुटा, स्वच्छ. वाक्य संपलं की मान वर करायची, समोरच्याला कळलं का ते बघायचं आणि मगच पुढे जायचं.

"ही सवय शाळेत लागत नाही," बाई म्हणाल्या. "घरचं कुणी रोज समोर बसलं, तर लागते. कारखान्यातून दमून येऊन तुम्ही हे करता म्हणजे कमालच."

कियोमीने मान लववली. शेजारी चिनात्सू शाळेचे बूट पिशवीत भरत होती. तिने सगळं ऐकलं होतं. पिशवीची नाडी ओढून तिने नीट गाठ मारली, पण आईकडे पाहिलं नाही.

हाचिनोहेच्या बंदरावरून बोचरा वारा येत होता. दोघींनी अर्धी वाट संपवली. मग चिनात्सू म्हणाली, "आई, आजीला सांगू नकोस हं."

"काय?"

"तू बाईंना म्हणालीस ना, ते. तिला वाईट वाटेल."

कियोमीला कुणी फाडकन थोबाडीत दिल्यासारखं झालं. खोटं बोलली आई, आणि पोरीला काळजी आजीची!

कियोमी बांगडे साफ करायच्या कारखान्यात होती, संध्याकाळच्या पाळीला. नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. त्यामुळे चिनात्सू वाढली ती तोमेच्या, म्हणजे कियोमीच्या सासूच्या हाताखाली. दारात चपला काढल्या की वळून सरळ लावायच्या, जेवल्यावर आपलं भांडं आपण धुवायचं, खोटं बोलायचं नाही, अभ्यास झाल्याशिवाय खेळायला जायचं नाही. हे सगळं म्हातारीने लावलेलं. कारखान्यातल्या बायका म्हणत, "नशीब काढलंस बाई, आयती वळण लागलेली पोर!" कियोमी वरवर हसायची. आत मात्र जळफळाट व्हायचा. पोरीची एकेक चांगली सवय तिच्या डोळ्यांत खुपायची. जन्म मी दिला, आणि पोरीत शोधावं तिथे ही म्हातारीच सापडते.

त्यात तोमे तिच्याशी धड बोलायची नाही. स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर ओ नाही. कियोमीने कधीच ठरवून टाकलं होतं, की आपण परगावच्या, मुलाने स्वतः पसंत करून आणलेल्या, म्हणून म्हातारी आपल्याला मोजत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिने मुकादमाकडून सकाळची पाळी मागून घेतली.

"आजपासून माझ्यासमोर वाचायचं," तिने पोरीला बजावलं. "आजीला त्रास नाही द्यायचा."

चिनात्सू समोर बसली आणि अख्खा धडा एका दमात गडगडा वाचून मोकळी झाली.

"हे काय वाचणं? शाळेत वाचलंस तसं वाच की!"

"पण तुला तर ऐकू येतं ना," चिनात्सू म्हणाली.

"उलट बोलायला कुणी शिकवलं गं तुला? आजीनेच ना?"

पोरीने पुस्तक मिटलं आणि ती उठून गेली. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून तोच धडा पुन्हा ऐकू यायला लागला, सावकाश, सुटा सुटा. कियोमीने सरकता दरवाजा बोटभर उघडला. रॉकेलच्या शेगडीपाशी तोमे घेवड्याच्या वाळक्या शेंगा सोलत बसली होती, आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लावून चिनात्सू. म्हातारीची नजर पोरीच्या चेहऱ्यावरून ढळत नव्हती. असं कुणी आपल्याकडे कधी पाहिलं होतं का, हे कियोमीला आठवेना. तिने दरवाजा आवाज न करता लावून घेतला.

असं पुढेही चालत राहिलं. कियोमीपुढे एकदा उरकायचं आणि आजीपुढे जीव ओतून वाचायचं. कियोमीने बटाटवड्यांसारखे, चिनात्सूला आवडणारे बटाट्याचे गोळे तळले. पोरीने त्यातला मोठा आजीसाठी बाजूला काढला. कियोमीने तोही घास कडू करून घेतला.

मग एका दुपारी दार धाडकन उघडलं. "झाली! माझी निवड झाली! सगळ्या शाळेसमोर वाचायचंय!" कियोमी दारातच होती. तिने हात पसरले. पोर तिच्या बगलेखालून निसटून थेट स्वयंपाकघरात पळाली, आजीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तीच बातमी पुन्हा, एकेक शब्द मोकळा करत सांगितली. म्हातारीने ओल्या हातांनी तिचे गाल धरले.

चिनात्सू हातपाय धुवायला गेली, आणि कियोमीचा बांध फुटला. तोमे नळ सोडून तांदूळ धूत होती. तिच्या पाठीकडे बघत कियोमी म्हणाली,

"झालं समाधान? माझी पोर माझी राहिली नाही. मी मेले तरी तिला कळायचं नाही, तुम्ही नुसतं शिंकलात तर धावत येईल. काय करणी केलीत तिच्यावर? माझ्याशी एक शब्द बोलत नाही तुम्ही, इतकी वर्षं झाली. मी काय दगड आहे या घरातला?"

म्हातारी तांदूळ धूत राहिली. पाणी ओतून दिलं, नवं घेतलं.

"बघा! आत्तासुद्धा! वळून बघायचीही लाज वाटते?"

"आई." दारात चिनात्सू उभी होती, हात निथळत होते. "मागून बोललेलं आजीला ऐकू येत नाही."

कियोमी दाराकडे वळली.

"पुढे येऊन, तोंड उघडून बोलायचं. मग तिला कळतं. तुला माहीत नव्हतं?"

"कधीपासून?"

"मला आठवतं तेव्हापासून." आणि एकदम पोरीचा चेहरा रडवेला झाला. "सांगायचं नव्हतं मी. शब्द दिला होता. आजी म्हणाली, आईला कळलं तर बहिऱ्या म्हातारीवर पोर टाकणार नाही ती. पाळणाघरात घालेल तुला. मग मी काय करू इथे एकटी?"

नळ बंद झाला. तोमे वळली. दोघींचे चेहरे पाहून तिने हात पुसले. "काय झालं गं? काही म्हणालीस का?"

कियोमी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. मघाशी पाठीला ऐकवलेलं तोंडावर बोलवेना.

"निवड झाली हिची," ती म्हणाली.

"ते सांगितलं तिने मला." म्हातारी तिच्या ओठांकडे डोळे बारीक करून बघत होती. "तू काय म्हणालीस ते विचारतेय. तू फार भरभर बोलतेस गं. पहिल्यापासून. मला तुझं काही कळतच नाही."

कियोमीने तांदळाचं भांडं स्वतःकडे ओढलं. मग प्रत्येक शब्द तोडत म्हणाली, "तांदूळ. मी. धुते."

"धू की," म्हातारी म्हणाली आणि बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर अंगाला माशांचा वास असतानाच ती शाळेत गेली. सुगावारा बाई आवारात होत्या. "त्या दिवशी मी खोटं सांगितलं," कियोमी म्हणाली. "वाचन मी ऐकत नाही. सासूबाई ऐकतात." बोलून हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. घरी जाताना आतलं ते खुपणं तिच्याबरोबरच चालत होतं.

संध्याकाळी मागच्या खोलीचा दरवाजा उघडाच होता. ती उंबऱ्याशी घुटमळली. चिनात्सूने तिला पाहिलं, जरा सरकून जागा केली आणि पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

"आज तू वाच. माझा घसा दुखतोय."

दुखत नव्हता, हे दोघींनाही ठाऊक होतं. खोटं बोलायचं नाही म्हणून शिकवणारी म्हातारी समोर बसून शेंगा सोलत होती. कियोमीने वाचायला सुरुवात केली.

"असं नाही, आई. तोंड उघड. आणि वाक्य संपलं की वर बघ."

कियोमीने तेच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश, आणि वर पाहिलं. तोमेचे हात शेंगांवर थांबले होते. ती कियोमीच्या ओठांकडे बघत होती, पापणी न हलवता.

"हं," म्हातारी म्हणाली. "पुढे?"