घड्याळातले आठ तास

भूगोलाच्या सरांनी बावीस वर्षं मुलांना रेखावृत्तं शिकवली. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, हे त्यांच्या वर्गातला ढ मुलगाही झोपेत सांगायचा. त्यामुळे विमानातला किस्सा सांगताना सर आधी घोटभर पाणी पितात.

सरांची बहीण परदेशात राहायची. तिला भेटून आईला चार वर्षं झाली होती. आईचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. सरांनी शाळेतला पृथ्वीगोल घरी आणला, दोन शहरांमध्ये दोरा ताणला आणि ऐटीत सांगितलं, "अकरा हजार किलोमीटर." मग तिकीट पाहिलं. निघायचं सकाळी नऊला, पोचायचं संध्याकाळी पाचला.

"आठ तास फक्त! आई, डोळा लागेपर्यंत पोचू."

अकरा हजारांना आठाने भागून पाहिलं असतं, तर हे विमान की बंदुकीची गोळी, असा प्रश्न पडला असता. पण सर भूगोलाचे; गणित दुसऱ्यांकडे.

विमानात बसून आठ तास झाले. आईने केस विंचरले, बूट चढवले, पर्स मांडीवर घेतली. "आलं ना रे?"

समोरच्या पडद्यावर आकडा होता : उरलेलं अंतर चार हजार पाचशे किलोमीटर. सरांनी एअर होस्टेसला बोलावलं. "मॅडम, तुमचा पडदा बिघडलाय."

तिने तिकीट पाहिलं. "काका, पाच वाजता म्हणजे तिथले पाच. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे."

सरांचा चेहरा पडला. साडेब्याऐंशी अंश, गुणिले चार मिनिटं. हा प्रश्न त्यांनीच दर परीक्षेत घातला होता.

"आई, चुकलो. अजून साडेपाच तास आहेत."

"हेच शिकवतोस पोरांना?"

"हो."

"आणि पास होतात?"

"होतात."

"हुशार आहेत बिचारी." आई खुदकन हसली आणि बूट काढू लागली. "साडेतेरा तास लागतात, मला ताईने फोनवर सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"साडेतेरा म्हटलं असतं, तर तूच म्हणाला असतास, आईला झेपायचं नाही. राहिलंच असतं जाणं."

सर नेमकं तसंच म्हणाले असते.

"मग आत्ता बूट कशाला घातलेस?"

"तुझं तोंड बघायला."

पुढचे साडेपाच तास आईने सरांना दर अर्ध्या तासाने उठवून मधल्या वाटेने चालवलं. गुडघे तिचे, धाप सरांना. चालता चालता तिने वडिलांशी लग्न ठरलं तेव्हाची हकीकत सांगितली. सरांनी ती कधी ऐकलीच नव्हती.

विमानतळावर चाकांची खुर्ची घेऊन माणूस उभा होता. आईने मानेनेच नको म्हटलं. काचेपलीकडे लेक दिसताच ती अशी निघाली, की सर सामानाची ढकलगाडी घेऊन मागून "अगं, हळू, हळू" करत राहिले.