मागची सीट

टेम्पोचा आरसा दिनेशच्या उजव्या कोपराला घासून गेला आणि मग हॉर्न वाजला. गोदामाच्या फाटकाकडे वळायला त्याने नुकतीच मोटरसायकल उजवीकडे घेतली होती. कशीबशी सावरून त्याने ती कडेच्या खडीत उभी केली. कापडाचे तागे भरलेला टेम्पो पुढे जाऊन थांबला आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"मुडने से पहले पीछे नहीं देखते क्या, भाई?"

दिनेशने बाही वर करून पाहिलं. कोपर थोडंसं खरचटलं होतं, पण हेल्मेटच्या आत कानशिलं तापली होती. परवा टेमघरला गेला तेव्हाही एका रिक्षाशी असंच होता होता राहिलं होतं. तेव्हा त्याने रिक्षावाल्याला चार शब्द सुनावले होते. आज सुनावण्यासारखं कोणी उरलं नव्हतं.

आणि हे कोणाच्या हातून, तर दिनेशच्या! गावात एखाद्या पोराने गाडीचा हट्ट धरला की बाप म्हणायचा, दिनेशसारखी चालवणार असशील तर घेऊ. दर रविवारी तो गाडी डबल स्टँडवर चढवायचा, चेन रॉकेलने धुऊन तिला ऑइल सोडायचा, बोटाने दाबून तिची ढिलाई बघायचा. टायरची हवा, ब्रेकची वायर, काही म्हणून सुटायचं नाही. गाडी सांभाळण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता, हे मान्यच करायला हवं. इतक्या वर्षांत गाडीवर साधा ओरखडा नव्हता. हे तो स्वतःही सांगायचा, जरा जास्तच वेळा सांगायचा.

त्या सगळ्या वर्षांत त्याच्या मागे त्याची आई बसलेली असायची. तो कामाला होता त्याच वडपे गावच्या गोदामात तुळजाबाई पॅकिंगला होती, मायलेकांची ड्युटी एकच. ती लुगड्याचा कासोटा घट्ट खोचायची, पदराने डोकं बांधायची, त्यावर हेल्मेट चढवायची आणि पुरुषासारखे दोन्हीकडे पाय टाकून बसायची. पहिल्यांदा गाव पोट धरून हसलं होतं. हसणारे थकले, बाईने हेल्मेट काही सोडलं नाही. काय धीराची बाई ती! बसली की तिचा डावा हात दिनेशच्या खांद्यावर असायचा, आणि घर ते गोदाम तिची बोटं तिथे काही ना काही करत राहायची. कधी दाबायची, कधी टोचायची, कधी नुसती उचलून ठेवायची. म्हातारी घाबरते, असं दिनेशने मनाशी ठरवून टाकलं होतं. खांदा दुखतो म्हणून तो कुरकुरायचा, तेव्हाही ती उलटून बोलली नव्हती.

मग तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी उभ्याचं काम बंद करायला सांगितलं आणि तिने गोदाम सोडलं. तेव्हापासून दिनेश एकटा जात होता, आणि तेव्हापासूनच हे सुरू झालं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तुळजाबाईच्या जागेवर सुपरवायझरने पूर्वाला, दिनेशच्या बायकोला, घेतलं होतं. सोमवारपासून रोज ती त्याच्या मागे बसणार होती. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. खडीत उभ्या दिनेशच्या डोळ्यांसमोर टेम्पोचा तो आरसा आला, आणि त्याच्यासमोर आपलं कोपर नाही, पूर्वाचा गुडघा आला. त्याला सरळसरळ भीती वाटली.

घरी आल्यावर त्याने पूर्वाला सांगितलं, की तू शेअर रिक्षाने जा, मागच्या सीटचा काही भरवसा नाही. पूर्वाने सीट दाबून पाहिली. ती चांगली भक्कम होती. नवरा गाडीवरून आणि बायको रिक्षाने एकाच फाटकात उतरली तर लोक काय म्हणतील, असं तिने विचारलं, आणि तो उठून गाडी पुसायला लागला तेव्हा तिला ते लागलं. तुळजाबाई चुलीशी तांदूळ निवडत होती. तिने लेकाच्या कोपरावरचं खरचटलेलं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

रविवारी दुपारी दिनेश चेनचं ऑइल आणायला पायीच फाट्यावर गेला. परत येताना पडवीतून पूर्वाचं हसणं ऐकू आलं, म्हणून तो कुडाच्या भिंतीमागेच थबकला.

गाडी डबल स्टँडवर होती. पुढच्या सीटवर कोंड्याचं पोतं उभं करून टाकीला टेकवलं होतं, आणि त्याला दिनेशचा जुना शर्ट गुंडाळला होता. मागे पूर्वा बसली होती, हेल्मेट घालून. बाजूला बाजेवर दुखरा पाय लांब करून तुळजाबाई.

"हसू नको. हा तुझा नवरा हाय," तुळजाबाई पोत्याकडे बोट करून म्हणाली. "ह्याचा हात चांगला हाय, ब्रेक चांगला हाय. पन वळताना हा मागं बघत न्हाय. आरसा पुसतो रोज, त्यात बघत न्हाय. मागून काय येतं ते तू बघायचं."

"मग सांगायचं कसं?"

"बोलायचं न्हाय. बोललं की त्याचं ध्यान जातं. मागून मोठी गाडी आली तर बोटं दाबायची, हा आपोआप हळू होतो. वळायचं आसल तर आपला हात बाहेर काढायचा, मागच्याला दिसल आसा. रस्ता मोकळा झाला की बोटं ढिली सोडायची. मग हा वळतो."

पूर्वाने पोत्याच्या खांद्यावर बोटं दाबली, मग सोडली. आता ती हसत नव्हती.

"ह्यांना माहीत आहे हे?"

"त्याच्या खांद्याला म्हाईत हाय," तुळजाबाई म्हणाली. "त्याला न्हाय. आन तू सांगू नको. गाव त्याला चांगला म्हनतं, म्हनू दे."

कुडाच्या मागे दिनेशला ऑइलची बाटली जड झाली. आधी त्याला लाज वाटली, मग राग आला, आणि तो कोणावर आला हे शोधायला गेल्यावर कोणीच सापडलं नाही. ही बाई दिवसभर उभी राहून खोकी बांधायची, आणि येता-जाता पुन्हा त्याच्या पाठीमागचा सगळा हायवे एकटी सांभाळायची. वर खांदा दुखतो म्हणून त्याची बोलणी खायची. त्याचे डोळे भरून आले. दोन पावलं मागे जाऊन, खाकरून, काहीच न ऐकल्यासारखं यावं, असंही त्याच्या मनात आलं. पण त्याने तसं केलं नाही.

तो तसाच पडवीत आला. त्याने पोतं उचलून खाली ठेवलं आणि त्यावरचा शर्ट काढून खांद्यावर टाकला. तुळजाबाईचा चेहरा पडला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

पूर्वा उतरायला लागली, तेव्हा दिनेशने तिला थांबवलं. पुढे सरक, म्हणाला. माहेरी खारबावला असताना ती भावाची गाडी चालवायची, लायसनही तिने तेव्हाच काढलं होतं. लग्नानंतर मात्र या घरात तिला कोणी किल्ली दिली नव्हती. ती बावरून पुढे सरकली. तिच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेवर दिनेश बसला, स्वतःच्या गाडीवर मागे पहिल्यांदाच.

"आये, आता मला शिकव."

तुळजाबाईने पदराने नाक पुसलं. मग तिने तंगडी बाजेखाली सोडली आणि तिच्या आवाजात गोदामातल्या मुकादमिणीचा धाक आला. खांद्यावर हात घट्ट धरू नको, ती काय पळून जाते? नुसता ठेव. मान वळव, डोळे न्हाय, मान. तिथं काय दिसतं? कूड दिसतो, मग कूड बघ. दिनेशची मान दुखून आली तरी तिने सोडलं नाही. मागे बघितलेलं पुढे बसल्यावरही विसरायचं नाही, असंही तिने वर बजावलं. जाताना पूर्वाने चालवायची आणि येताना दिनेशने, हेही तिनेच ठरवून टाकलं, कोणाला न विचारता.

ऊन उतरल्यावर दोघं गाडी घेऊन बाहेर पडली. पूर्वा पुढे, दिनेश मागे. पारावरच्या लोकांनी बघितलं, कोणीतरी शिट्टीही मारली. पूर्वाने गिअर बदलला, गाडी गावाबाहेर आली आणि सर्व्हिस रोडला लागली. फाट्यापाशी तिला उजवीकडे वळायचं होतं. दिनेशने मान वळवली. लांबून एक रिकामा कंटेनर येत होता, वेगात, लाइट न लावता. दिनेशच्या तोंडून ओरड निघणारच होती. पण त्याने तोंड उघडलं नाही, फक्त तिच्या खांद्यावर बोटं दाबली आणि उजवा हात बाहेर काढला. पूर्वाने वेग कमी केला. कंटेनर धूळ उडवत बाजूने निघून गेला. रस्ता मागे पार वळणापर्यंत रिकामा दिसला, तेव्हा त्याने बोटं ढिली सोडली, आणि ती वळली.

वळल्यावर पूर्वाने मान थोडी मागे केली. खांद्यावरची बोटं ती विसरूनच गेली होती, तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.

"किती छान वळले ना मी? रस्ता अगदी मोकळाच मिळाला."

"हो," दिनेश म्हणाला, "मोकळाच होता."